घाणा तोच, वास वेगळा!

आधीच सांगतो, हे मी हौसेनं लिहीत नाही. मला बसवलंय. ताथवड्याच्या आमच्या सोसायटीत म्हाताऱ्यांची बैठक भरते, तिथं परवा कुणीतरी वासाचं मशीन लावलं. विजेवर चालतं, वाफ सोडतं. शेजारी तेलाची बाटली. बाटलीवर लिहिलेलं, 'शंभर टक्के शुद्ध. प्रत्येक बाटलीत तोच सुगंध.' ते वाचून मी एवढा हसलो की कवळी हातात आली. झालं! सेक्रेटरी मागंच लागला. "आजोबा, का हसलात? लिहून द्या, सोसायटीच्या अंकात छापू." अरे बाबा, चौथीत शाळा सोडलेला माणूस मी! बरं, दिलं लिहून. पण छापताना एक शब्द गाळलात तर पुढच्या मीटिंगला मी काय बोलेन त्याची जबाबदारी माझी नाही.

किस्से साठतात ते काही कुणी साठवून नाही. डेग कितीही घासा, तळाला काहीतरी चिकटून राहतंच. खरवडलं की निघतं. आमच्या सुगंधी तेलाच्या भट्टीवर तर दोन दिवस सारखे कधी गेलेच नाहीत. आणि मालकाला नेमके ते सारखे हवे होते!

* * *

पन्नास सालानंतरची ही वर्षं. आकुर्डीत तेव्हा कारखाने नव्हते. ज्वारीची शेतं, बाभळी, खंडोबाचं देऊळ आणि माळावर आमची पत्र्याची शेड. शेडमध्ये तांब्याची मोठी डेग. तळाला पाणी, पाण्याच्या वर जाळी, जाळीवर दाबून भरलेला पाला, आणि खाली जाळ. वाफ पाल्यातून वर जायची, नळीतून गार पाण्याच्या टाकीत उतरायची, आणि शेवटी बाटलीत पाण्यावर तेल तरंगायचं. एकदा डेग भरून उतरवली की तो एक घाणा. भट्टीवाला मी, बबन.

पाला विलायती मेंदीचा. आपण हाताला लावतो ती मेंदी वेगळी. हिची पानं बारीक, चकचकीत, चोळली की वास मारणारी. गोऱ्या साहेबांनी देहूरोडकडं बंगल्यांना कुंपण म्हणून लावली होती. साहेब गेले, कुंपणं राहिली. आमच्या मालकांनी, रावसाहेबांनी, तो पाला तोडायची परवानगी काढली आणि फांद्या आणून आमच्या माळावरही लावल्या. पाला तोडायला आणि डेग भरायला गावातल्या बायका. त्यांची मुकादम माझी बायको, सगुणा. आणि तेल तपासायला केमिस्ट करंदीकर साहेब. मुंबईला शिकलेले, अविवाहित, देवाधर्माचं नाव काढलं की पाठ फिरवणारे.

पहिल्या तेलाचा नमुना रावसाहेबांनी मुंबईच्या एका साबण कंपनीला पाठवला. कंपनीचा माणूस खूश झाला. म्हणाला, "थंडावा आहे, आणि मागून कच्च्या फळासारखा हिरवा गोडवा येतो. दरवेळी हाच वास द्या, कायमची ऑर्डर. पण वर्षाच्या आत जमलं पाहिजे."

रावसाहेब आम्हाला म्हणाले, "जमलं नाही तर शेडला कुलूप."

कुलूप म्हणजे काय ते मला विचारा! निघोज्याला थोरल्या भावाशी भांडून मी आणि सगुणा घराबाहेर पडलो होतो. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून आलो होतो, "परत ह्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई!" शेडमागची एक खोली, तेवढाच आमचा संसार. शेडला कुलूप म्हणजे पाय त्याच उंबऱ्याला, आणि दारात माझी वहिनी कमरेवर हात ठेवून हसत उभी! तेव्हा तो वास रावसाहेबांपेक्षा मला जास्त हवा होता.

* * *

दुसरा घाणा काढला. बंगला तोच, कुंपण तेच, फक्त रस्त्याकडच्या बाजूचा पाला. करंदीकर साहेबांनी बाटली नाकाला लावली आणि तोंड असं केलं की जणू कुणी रंगाऱ्याचा ब्रश हुंगायला दिलाय.

"बबन, टर्पेंटाइन ओतलंस?"

दाराला रंग दिला तेव्हा आणलेला टर्पेंटाइनचा डबा शेडमध्ये होता, हे खरं. पण माझ्यावर आळ? मी तो डबा उचलून आणला आणि त्यांच्या टेबलावर आपटला. "उघडा!"

साहेबांनी झाकण ओढलं, पिळलं, शेवटी गुडघ्यात धरलं. गंजून बसलेलं झाकण हलेना. मग गुपचूप उठले, सायकल काढली, देहूरोडला गेले आणि रस्त्याकडची पानं चोळून हुंगली. झाडालाच तो वास!

परत आले ते भज्यांचा पुडा घेऊन. "चुकलो, बबनराव."

त्या दिवसापासून मी बबनचा बबनराव झालो. भजी मात्र गार होती, तेही सांगितलं मी त्यांना.

* * *

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना शेडमध्ये बसवून शिकवणी घेतली. तेल दिसतं एक, पण आत द्रव्यं पुष्कळ. एक पायनीन, ते टर्पेंटाइनसारखं वास मारतं. एक सिनिओल, त्याला निलगिरीचा थंडावा. आणखी एक गोड वासाचं, त्याचं नाव एवढं लांब की माझ्या दातांत बसायचं नाही, तेव्हा सगळे दात असूनही! प्रत्येक झाडात ह्यांचं प्रमाण वेगळं. शेजारी शेजारी लावलेल्या दोन झाडांतसुद्धा. शिवाय ऊन, पाऊस, महिना, कोवळं पान, जून पान, सगळ्यांनी ते हलतं.

"ह्याला म्हणतात व्हेरिएशन!" साहेब म्हणाले.

सगुणा म्हणाली, "म्हंजी काळ्या मसाल्यावानी. माझ्या आन माझ्या जावंच्या मसाल्यात जिन्नस त्येच. पर तिच्या कालवनाला चव न्हाई."

साहेब खूश. "अगदी बरोबर, सगुणाबाई! जिन्नस तेच, प्रमाणाचा फरक."

"प्रमाणाचा कशाचा, साहेब? स्वभावाचा!"

* * *

आता एवढं व्हेरिएशन म्हटल्यावर साहेबांनी माळावरचं एकेक झाड हुंगायला घेतलं. टर्पेंटाइनवाल्या झाडाला लाल चिंधी, थंडाव्याच्या झाडाला हिरवी, गोड वासाच्या झाडाला पांढरी. आठवडाभर माणूस उन्हात वाकून पानं चोळत होता आणि चिंध्या बांधत होता. मान आखडली, पण माळ रंगीत झाला. मग दोन दिवस पुण्याला बहिणीकडं गेले.

परत येऊन बघतात तर झाडांवर चिंध्याच चिंध्या! पिवळ्या, जांभळ्या, काठापदराच्या. दोन झाडांना बांगड्या. एकाच्या बुंध्याला नारळ. शिकलेला साहेब एकेका झाडापुढं वाकून चिंधी बांधतो म्हटल्यावर गावानं ओळखलं, झाड नवसाला पावतं! पार चिखलीपर्यंतच्या बाया येऊन गेल्या होत्या.

साहेब डोक्याला हात लावून उभे. "ह्यातल्या माझ्या चिंध्या कुठल्या?"

एक म्हातारी तिथं ऊदबत्ती लावत होती. तिनं साहेबांच्या पाठीवरून हात फिरवला. "आरं लेकरा, नको तोंड पाडूस. तू येवढ्या बांधल्यास, देव काय बहिरा हाय व्हय? पुढच्या सालाला पाळणा हालंल."

"अहो आजी, माझं लग्न झालेलं नाही!"

म्हातारीनं मागं वळून पाहिलं, सगळा माळ नजरेखालून घातला आणि म्हणाली, "मंग तुला आनखी चिंध्या लागत्याल."

* * *

रावसाहेबांची तऱ्हा निराळी. ते पुण्याहून मोटारीनं यायचे आणि आल्या आल्या नळीखाली रुमाल धरायचे. आता भट्टीचं असं असतं की घाण्याचं पहिलं तेल हलकं, तरतरीत, आणि शेवटचं जड, करपट. सगळं एकत्र झालं की खरा वास. हे साहेबांनी त्यांना कितीदा सांगितलं. पण मालक तो मालक.

एकदा घाणा नुकताच लागला असताना आले. रुमाल धरला, हुंगला. "वा! बबन, सोनं आहेस!" पाठ थोपटली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी घाणा संपत आला असताना आले. रुमाल धरला, हुंगला. "हे काय? चुलीतलं लाकूड? बबन, उद्यापासून येऊ नकोस!"

मी म्हणालो, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आलो. राहतो शेडच्या मागंच, येऊ नको म्हणजे जाऊ कुठं? तेही आले. घाणा नुकताच लागला होता. रुमाल धरला, हुंगला.

"बघ! बोललं की कसं काम सुधारतं!"

* * *

बारका किस्सा. त्या तेलाचा वास आमच्या अंगात इतका मुरला होता की डास जवळ येत नसत. पावसाळ्यात आकुर्डीतले लोक मला आग्रहानं आपल्या ओसरीवर झोपायला बोलवायचे. जेवायला नाही हं! फक्त झोपायला.

* * *

घाणा झाला की उकडलेला पाला बाहेर निघायचा. तो गावातल्या किसन गवळ्यानं गोठ्यात अंथरायला नेला. म्हशींनी त्यावर बसायचं सोडून तो खाल्ला. आणि दुधाला आमच्या तेलाचा वास यायला लागला! चहाला वास, दह्याला वास. बारशाच्या पंगतीत बासुंदी वाढली तर पाहुणे एकमेकांना विचारायला लागले, "कोण आजारी हाय का घरात?"

किसन काठी घेऊन शेडवर आला. "माझ्या म्हशी काय खोकत होत्या का? त्यांना औषध कशापायी पाजलंत?"

करंदीकर साहेब शांतपणे म्हणाले, "जरा दूध आणा." किसननं आणलं. दुसऱ्या दिवशी परत मागवलं. तिसऱ्या दिवशी परत. साहेब रोज हुंगायचे, मान हलवायचे. किसनला वाटलं, आता नुकसानभरपाई ठरणार. शेवटी साहेब डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बबनराव, आपण एवढी खटपट करतोय, आणि अख्ख्या आकुर्डीत एकसारखा वास कुणाला जमला असेल तर ह्याच्या म्हशींना!"

* * *

हसायला हे ठीक. पण वर्ष सरत चाललं होतं. साहेबांनी खटपट करून एक तोडगा काढला होता. एकेका झाडाचा नाद सोडला आणि सगळ्या कुंपणांचा पाला एकत्र कालवायला लावला. तोडायची वेळ ठरवली, घाणा किती वेळ ठेवायचा ते ठरवलं. घाणे बऱ्यापैकी सारखे उतरायला लागले. थंडावा अगदी मुंबईच्या नमुन्यासारखा. पण तो कच्च्या फळाचा हिरवा गोडवा? तो काही येईना! साहेबांनी पानं बदलली, त्याच झुडपांची फळं घालून पाहिली, फुलं घालून पाहिली. नाही म्हणजे नाही. रावसाहेब मला म्हणायचे, "पहिल्या वेळी तू काय केलं होतंस ते आठव!" मी काय आठवणार? जाळ घातला होता! रोज शिव्या मी खात होतो. "बबन, तूच काहीतरी बिघडवलंस." भट्टीवर काहीही झालं की मीच.

सगुणाला मी म्हणालो, "बोचकं बांधून ठेव. निघोजं दिसाय लागलंय."

ती म्हणाली, "मी न्हाई जायची. जावंच्या हातचं कालवन तुमी खावा."

खंडेनवमी आली. हत्यारांची, अवजारांची पूजा. कुणाचा नांगर, कुणाची मोट, आमची डेग. आम्ही ती चिंचेनं घासून लख्ख केली, हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या, नळीला माळ, टाकीला माळ. रावसाहेबांनी हात जोडले. करंदीकर साहेब बाहेर बाभळीखाली पाठ करून सिगारेट ओढत उभे. दसऱ्याला सुट्टी. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस शेवटचा घाणा बघायला येणार.

त्या सकाळी बायकांनी डेग भरली. मी झाकण ठेवलं, कडेनं कणीक लिंपली, जाळ घातला. रावसाहेब खुर्चीत बसून होते. कंपनीचा माणूस आपल्या जुन्या नमुन्याची बाटली घेऊन शेजारी. घाणा पुरा झाला, साहेबांनी तेल वेगळं काढलं, बाटली नाकाशी नेली.

आणि तिथंच थांबले. परत हुंगलं. मग माझ्या नाकाखाली धरलं, जसं काही मला कळणार आहे! "बबनराव! हाच! हाच तो!"

कंपनीच्या माणसानं आधी आपली बाटली हुंगली, मग आमची, मग आपली. दोन्ही बाटल्यांना बुचं लावली आणि म्हणाला, "आला गोडवा. ऑर्डर तुमची."

रावसाहेब ताडकन उठले, मला पेढ्याएवढं गोड बोलले, "बबन, वर्षभर तुला नाही नाही ते बोललो, माफ कर," आणि खरेच पेढे आणायला चिंचवडला मोटार घेऊन पळाले. करंदीकर साहेब कंपनीच्या माणसाला समजावून सांगायला लागले, की पावसाळा संपून आश्विन लागला की पानात एक विशिष्ट बदल होत असावा. चांगलं लांबलचक सांगत होते. मी डेग उपसायला घेतली. पाला काढला, जाळी उचलली. खाली पाण्यात उकडलेला, पिवळा, लिबलिबीत गोळा.

मी सगुणाला हाक मारली. "आगं ए, ह्ये काय?"

"निर्माल्य. परवाच्या झेंडूच्या माळा."

"डेगीत?"

"मंग? उकिरड्यावर टाकू? पायदळी येतंय. निर्माल्य पान्यात सोडायचं आसतंय. नदी पार रावेतला. हितं डेगीत पानी हायच की!"

मी जाळी खाली ठेवली. "आगं, आन गेल्या सालाला? पहिल्या घाण्याला?"

"हितंच सोडलं. तुमाला ताप आला हुता न्हवं का? डेग मीच उपसली."

"मंग मधल्या वर्षभरात?"

"मधी कुटली पूजा?"

मागं वळून पाहिलं तर साहेब उभे. त्यांनी तो गोळा हातात घेतला, नाकाशी नेला, आणि तसेच भिंतीला टेकून खाली बसले. आवाज नाही, नुसतं अंग हलतंय. मला वाटलं, झटका आला. हसत होते! हसता हसता त्यांनी कंपनीच्या माणसाला बोलावून तो गोळा दाखवला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

मला कुलूप डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

कंपनीच्या माणसानं गोळा हुंगला. "मला झाडाशी काय करायचंय? मला वास हवाय. पुढच्या घाण्याला येईल ना?"

"येईल," साहेब म्हणाले.

"मग नाव काय लिहू?"

"लिहा, विलायती मेंदी. आकुर्डी पद्धत!"

त्यानंतर माळावर झेंडू लागला आणि आमच्या डेगेची पूजा दर घाण्याला व्हायला लागली. माळा करंदीकर साहेब स्वतः आणायचे. तराजूत वजन करून, पण आणायचे! पेढे घेऊन परत आलेल्या रावसाहेबांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. केमिस्ट हातात फुलांची माळ घेऊन डेगेपुढं वाकलेला बघून एकदा ते गहिवरले.

"करंदीकर, अखेर तुम्हालाही देव पटला!"

साहेब म्हणाले, "देवाचं माहीत नाही, घाणा पटला."

शेडला कुलूप लागलं नाही. निघोज्याला गेलो, पण पाहुणे म्हणून, वहिनीला तेलाची बाटली द्यायला. आळ घेणाऱ्या साहेबांनी माझी माफी मागितली, शिव्या देणाऱ्या रावसाहेबांनी मागितली. ऑर्डर मिळाली त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगुणाला म्हणालो, "वर्षभर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या सगळ्यांनी. तुझ्यापायी. आता तू तरी म्हण, चुकलं म्हणून."

ती म्हणाली, "वास आनला मी, आन माफी बी मीच मागू?"

हे लिहितोय तेव्हा ती समोर बसून शेंगा सोलतेय. आत्ताच परत विचारलं. तिनं टरफल माझ्याकडं फेकलं. तेव्हा छापा, ठळक अक्षरात छापा, माझी माफी आजवर जिनं मागितलेली नाही तिचं नाव: सगुणा.